आवडाबाईंची हाक

पत्रीपुलाच्या चढावर आवडाबाईंनी शीलाच्या मनगटावर दोन बोटं टेकवली. म्हणजे थांब, बोलायचंय. पण तेवढ्यात शेजारून कंटेनर धडधडत गेला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दाबूनच धरला आणि खालून मालगाडी निघाली. अशा गदारोळात आवडाबाईंचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नसतं. त्यांना आवाजच नव्हता. नुसता श्वास होता, आणि त्यात गुंडाळलेले शब्द.

"पूल उतरल्यावर बोला, मावशी," शीला ओरडून म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं. समोरच्याला आवाज नाही म्हणून आपणच ओरडायचं, ही सवय अजून सुटली नव्हती. आवडाबाईंचे कान तर तिच्यापेक्षा तिखट होते.

नवरात्राची पाचवी माळ. दोघी उजाडता उजाडता ठाकुर्लीहून निघाल्या होत्या, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावरच्या देवीला, अनवाणी. ग्राहक आयोगाचा निकाल आवडाबाईंच्या बाजूने लागला तर पायी येईन, असं शीला मनातल्या मनात देवीला बोलली होती. नवरा उत्तम यालाही सांगितलं नव्हतं, कारण त्याने गुडघ्यांवरून व्याख्यान दिलं असतं. आणि गेल्या आठवड्यात कळलं, की आवडाबाईंनीही हाच नवस बोललेला. एकमेकींना ठाऊक नसताना, एकाच देवीला. कळलं तेव्हा दोघी हसल्या, एक आवाजासकट आणि एक आवाजावाचून.

तशा आवडाबाई कोलशेतच्या. खाडीकाठचं जुनं गाव, आता चारी बाजूंनी टॉवर. तरुणपणी मिठागरात राबल्या, टाचांना पडलेल्या भेगा अजून तशाच. पुढे जमिनींना भाव आला, मुलगा नाथा पांढऱ्या गाडीतून फिरायला लागला, घराला लिफ्ट लागली. आवडाबाई मात्र जिन्यानेच चढायच्या. लेक रतन ठाकुर्लीला दिलेली. तिच्याकडे आल्या असताना तिनेच त्यांना डोंबिवलीत शीलाकडे आणलं.

डोंबिवलीतल्या एका देवळाच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी ग्राहकांसाठी मोफत सल्ला मिळायचा. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून शीला तिथे बसायची. लोकांचं म्हणणं साध्या मराठीत लिहून काढायचं आणि वकील विनीत सोनावळे यांच्यापुढे ठेवायचं, एवढंच तिचं काम. बिल्डर, क्लासवाले, फ्रिजवाले, असंच यायचं सगळं. त्या शनिवारी समोर ही उंच, काटक म्हातारी बसली. कपाळावर गोंदण, गळ्यावर आडवा व्रण. तोंड हललं, पण ऐकू काहीच आलं नाही.

"आईच्या गल्याची गाठ काढली," रतन म्हणाली. "तवापासून आवाज गेला."

एका खासगी इस्पितळात थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली होती. शुद्धीवर आल्या तर आवाज नाही आणि पाणी प्यायलं की ठसका. टाके काढायला गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, सूज आहे, येईल. पुन्हा गेल्या, पुन्हा "येईल". डॉक्टरवर देवासारखा विश्वास ठेवून बाई वर्षभर वाट बघत बसल्या. शेवटी रतनने सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं. एक स्वरतंतू हलतच नव्हता. त्याला चालवणाऱ्या नसेला शस्त्रक्रियेत इजा झालेली. लगेच तपासलं असतं तर काहीतरी करता आलं असतं, असंही त्या बाई म्हणाल्या.

हे ऐकताना दाराशी उभ्या असलेल्या नाथाच्या हाताच्या मुठी वळल्या. "वकीलसाहेब, तुम्ही फक्त सांगा. उद्या चाळीस पोरं नेतो आन् त्या हॉस्पिटलची एक काच ठेवत नाय."

आवडाबाईंनी त्याच्याकडे न बघताच हात उचलला. एवढा दांडगा पुरुष, गप्प झाला. मग त्यांनी रतनला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं. रतन फिसकन हसली.

"आई बोलतेय, तुज्या गाडीच्या काचा फोड. त्या जवल हायेत, पेट्रोल वाचंल."

विनीत वकीलही हसले आणि मग समजावून सांगायला लागले. वाटा तीन होत्या. पोलिसांकडे जाता येतं, पण तिथे अगदी उघड, गंभीर निष्काळजीपणा दिसावा लागतो, आणि दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचं मत आल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. तिथे डॉक्टरच्या वागण्याची चौकशी होते, नोंदणीवर कारवाई होऊ शकते. तिसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली आणि त्यातून तुमचं नुकसान झालं, हे तिथे सांगायचं. मुदत दोन वर्षांची, ती अजून हातात होती. आधी इस्पितळाकडे कागदपत्रांच्या प्रती लेखी मागायच्या, त्या त्यांना द्याव्याच लागतात.

"अंगठा दिलाय हो तिनं," नाथा म्हणाला. "ऑपरेशनच्या आधी, संमतीच्या कागदावर."

"अंगठ्याने धोका मान्य होतो, हयगय नाही," वकील म्हणाले. "आणि धोका नीट सांगितला होता का, हेही विचारता येतं."

आवडाबाई पुढे वाकल्या. या वेळी त्यांनी रतनला नाही, शीलाला खूण केली. शीलाने कान त्यांच्या तोंडाशी नेला. आधी नुसता वारा लागला. मग त्या वाऱ्यातून एकेक शब्द वेगळा व्हायला लागला, अंधारात डोळे सरावल्यावर वस्तू दिसाव्यात तसा.

"या तिघांतल्या कंच्या दारान माजं आयकतील?"

शीलाने तो प्रश्न जसाच्या तसा मोठ्याने म्हटला. वकील म्हणाले, "डॉक्टरचं काय करायचं, हे पहिल्या दोन ठिकाणी ठरतं. तुमचं काय गेलं, हे तिसऱ्या ठिकाणी विचारतात."

"तिकडंच जाव," आवडाबाई म्हणाल्या.

तक्रार दाखल झाली. इस्पितळाचं लेखी म्हणणं आलं आणि त्यात एक वाक्य असं होतं, की शीलाला रात्री जेवण गोड लागेना. 'तक्रारदार या गृहिणी असून त्यांचा कोणताही व्यवसाय आवाजावर अवलंबून नाही.' शिवाय आवाज आधीपासूनच घोगरा होता, असाही दावा. गृहिणी हा शब्द तक्रारीतलाच होता. धंदा काय, असं वकिलांनी विचारलं होतं तेव्हा आवडाबाईंनी स्वतः मान हलवली होती. काय नाय, घरान असते.

ते म्हणणं वाचून दाखवायला शीला कोलशेतला गेली. ओटीवर बघते तर शेजारच्या गावचं एक जोडपं बसलेलं, समोर ताटात नारळ, सुपारी, लग्नाची पत्रिका. बाई आवडाबाईंच्या पायावर डोकं ठेवून रडत होती. "तुम्ही नुसत्या बसा मांडवान, धवलारीन आई. गानारी दुसरी आनू. पन तुम्ही बसा."

ते जोडपं गेल्यावर शीलाने नाथाच्या मुलीला, समृद्धीला, विचारलं, "अगं, हे काय?"

"आजी धवलारीण आहे ना, काकी. आमच्यात लग्नाला धवले गातात. ती गाऊन देवांना बोलावते, मग हळद, मग बाकीचं सगळं. आमच्या आईबापाच्या लग्नातपण भटजी नंतर आलेला." समृद्धीने मोबाईल काढला. "हे बघा, चुलतभावाच्या हळदीचं. ऑपरेशनच्या महिनाभर आधीचं."

शीलाने आयुष्यभर भजनं ऐकली होती, कीर्तनं ऐकली होती. असला आवाज ऐकला नव्हता. गोड नव्हता तो. खाडीच्या वाऱ्यासारखा रुंद होता आणि त्यात आळवणी अशी नव्हतीच. ओळखीच्या माणसाला दारातून हाक मारावी, तसं ती बाई देवांना बोलावत होती.  शीलाचे हात आपोआप जोडले गेले.

"मावशी, हे वकिलांना का नाही सांगितलंत? धंदा विचारला तेव्हा?"

आवडाबाईंना प्रश्नच कळला नाही. मग त्या जरा रागावल्याच. "ते काम हाय? काम मिठागरान केलं. ह्ये देवाचं हाय. देवाच्याला धंदा बोलशील तर जीभ झडंल."

परतीच्या रिक्षात शीलाच्या डोक्यात तेच घोळत होतं. ज्या बाईवाचून गावात लग्न उभं राहत नाही, ती बाई सरकारदरबारी 'काही करत नाही' असं सांगून आली होती. वकिलांनी तक्रारीत दुरुस्तीचा अर्ज केला, तो मंजूर झाला. सरकारी डॉक्टरीणबाईंचं मत जोडलं, व्हिडिओ तो खरा असल्याच्या प्रमाणपत्रासह जोडला.

सुनावण्या पडत गेल्या, पुढच्या तारखा मिळत गेल्या. तसं अशा प्रकरणात सगळं कागदावर चालतं, पण शेवटच्या सुनावणीला अध्यक्ष म्हणाले, आम्हाला तक्रारदारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. विनीत वकिलांनी विनंती केली, की लेक घरची, पण घराबाहेरच्यांत यांचं बोलणं फक्त या शीलाताईंना नीट कळतं, त्यांना शब्दशः सांगू द्या. समोरच्या वकिलाने हरकत घेतली. अध्यक्षांनी शीलाकडे बघून सांगितलं, "स्वतःचा एक शब्द घालायचा नाही." शीलाने मनात कुलदेवतेचं नाव घेतलं आणि आवडाबाईंशेजारी जाऊन उभी राहिली.

आधी व्हिडिओ लागला. त्या फायलींनी भरलेल्या, ट्यूबलाइटच्या खोलीत तो आवाज असा उठला, की दारापाशी गप्पा मारणारे वकील आत वळले. आवडाबाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

मांडवाच्या मेढीला गं, खाडीचा वारा आला,
ये गं गावदेवी माय, तुजा हात लाव तिला.

समोरचा वकील तरुण होता, उद्धट नव्हता. "आवाज चांगला होता, मान्य," तो म्हणाला. "पण बाई, याचं तुम्ही मानधन काय घेत होतात?"

आवडाबाई शीलाच्या कानाशी झुकल्या. शीला बोलली, "साडी-नारळ. कुनी दिला तर. नाय दिला तरी गाते."

"म्हणजे उत्पन्न नाही. मग नेमकं नुकसान काय झालं?"

पंखा फिरत होता. आवडाबाई पुन्हा झुकल्या. मग शीलाच्या कानाला तो ओळखीचा वारा लागला आणि ती एकेक वाक्य मोठ्याने म्हणत गेली. स्वतःचा एक शब्दही न घालता.

"देव आपसूक येत नाय, साहेब. त्याला बोलवावं लागतं. माज्या आजीनं बोलावलं, मग आयनं, मग मी. मी हाक मारली की देव यायचा. आता मी मारते, पन ती माज्या ओठाच्या भायेर जात नाय. तुम्ही विचारता काय गेलं. माजी हाक गेली."

शेवटचं वाक्य म्हणताना शीलाला वाटलं, हे आपण बोलत नाही आहोत. आपल्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोलत आहे.  समोरच्या वकिलाने चष्मा काढला, पुसला आणि "पुढे प्रश्न नाही" म्हणाला.

निकाल लागला तो अर्धाच त्यांच्या बाजूने. शस्त्रक्रिया करतानाची चूक पुरती सिद्ध झाली नाही, पण आवाज जाण्याचा धोका समजावून सांगितला नाही आणि गेल्यावर वेळेत तपासणी केली नाही, ही सेवेतली कसूर ठरली. भरपाई द्यावी, असा आदेश झाला. इस्पितळ वर अपिलात जाणार, हे तर धरलेलंच होतं. नाथा चिडला. आवडाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, माझं काय लिहिलंय ते कुठंय? शीलाने बोट ठेवून दाखवलं. 'तक्रारदार या धवलारीण आहेत.' त्यांनी त्या अक्षरांना हात लावला, हात कपाळाला लावला आणि चहा टाकायला उठल्या.

आता पूल मागे पडला होता आणि गोविंदवाडी बायपासवर गर्दी वाढत चालली होती. अनवाणी पोरंपोरी, ढोलताशा, लिंबू सरबतवाले. लांबून दुर्गाडीचा बुरूज दिसायला लागला, मागे खाडीवर उन्हाचा पट्टा. शीलाच्या तळव्यांची आग होत होती. आवडाबाई मिठागरातल्या टाचांनी बिनघोर चालत होत्या.

रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली त्या थांबल्या. पुलावर राहिलेलं बोलणं आता काढलं. समृद्धीचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षात.

"दुसरी धवलारीन नाथा आननार," त्या म्हणाल्या. "मना नको. आमच्या घरचं धवलं तिला येत नाय. पोरी मागून झील धरतील, पन माजं त्यांना आयकाला येत नाय. रतन आत्या हाय, तिला मांडवान शंभर कामं. तुला येतं."

शीला लगेच म्हणाली, "मावशी, मी बेसूर आहे हो. हे मला म्हणतात, तू आरतीला टाळ्याच वाजव. आणि मी तुमच्यातली नाही, कोकणातली. तुमच्या बायका चालवून घेतील?"

"कोर्टान साहेबांना चाललीस," आवडाबाईंचे खांदे हसून हलले. "बायकांना न चालाला काय झालं? आन् सूर नको गं. सुराला डीजे हाय."

मग हसू ओसरलं. त्यांनी शीलाचं मनगट धरलं, दोन बोटांनी नाही, पूर्ण हाताने. तोंड तिच्या कानाशी नेलं. ढोल जवळ आले होते, तरी शीलाला शब्द अन् शब्द ऐकू आला.

"समूच्या मांडवान माज्या बाजूला उभी राशील, बाय? मी सांगीन. तू हाक मार."