तिसरी वडी

आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक कॉफीचं मशीन आहे. स्टीलचं, जड, बाजूला वाफेची नळी आणि पुढे दाब दाखवणारा गोल काटा. पुण्याचं बिऱ्हाड आवरून कोपरगावला वडिलांकडे राहायला आलो तेव्हा कपाट, पलंग, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं. हे तेवढं मांडीवर घेऊन आलो. नोकरी लॅपटॉपवरची, ती कुठूनही होते. सकाळी उठून मशीन तापवायचं, दाणे दळायचे, छोट्या वजनकाट्यावर अठरा ग्रॅम तोलायचे, दांडीच्या गाळण्यात भरून दट्ट्याने दाबायचे आणि पहिला थेंब कधी पडतो ते श्वास रोखून बघायचं. लवकर पडला तर कॉफी पाणचट, उशिरा पडला तर कडू जहर. दूध-साखर घालून उकळलेल्या कॉफीला मी कॉफी म्हणत नाही, आणि तसं तोंडावर सांगतो. म्हणून आमच्या गल्लीत मला कुणी दुसऱ्यांदा कॉफी विचारत नाही.

"ह्या यवढ्याशा काढ्यापायी यवढं मोठं इंजान!" असं आमच्या मावशी रोज म्हणायच्या. मावशी म्हणजे वडिलांचं बघायला सकाळी येणाऱ्या बाई. त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, बारा वाजता भरवायचं आणि आपल्या घरी जायचं, हे त्यांचं काम. वडिलांना आम्ही दादा म्हणतो.

दादा जन्मभर साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे घराएवढं लोखंडी भांडं. त्यात उसाचा पाक वाफेवर आटवायचा आणि साखरेचा दाणा बांधायचा. दाणा बांधला की नाही हे कुठलंही यंत्र सांगत नाही. पॅनमनच्या अंगठ्याला कळतं. तो कारखाना कधीच बंद पडला. त्याच्या चिमणीवर आता पिंपळ उगवलाय. दादांचंही तसंच होत गेलं. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. वर्षभरात त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. एसटीत शेजारी येऊन बसलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघायचे आणि परत भिंतीकडे तोंड करायचे.

पेन्शनच्या दाखल्यासाठी त्यांना एकदा बँकेत नेलं होतं. माणूस जिवंत आहे हे सांगायला तिथे अंगठा लावावा लागतो. मशीनने पाच वेळा लाल दिवा दाखवला. काउंटरवरच्या बाईंनी दादांचा अंगठा उलटा धरून बघितला आणि म्हणाल्या, "अहो, यांना रेघाच नाहीत." चाळीस वर्षं गरम पाक चाचपून अंगठा गारगोटीसारखा गुळगुळीत झाला होता. मी हसत म्हणालो, "म्हणजे तुमच्या हिशेबी हे हयात नाहीत तर." बाई हसल्या. नंतर रिक्षात मात्र ते वाक्य माझ्याच डोक्यातून जाईना. खरंच, आत कुणी आहे का? का आम्ही नुसत्या अंगाला अंघोळ घालतोय?

हा प्रश्न मी उगाच विचारत नव्हतो. राहात्याजवळ एक वृद्धाश्रम आहे. तिथल्या बाईंनी खोली रिकामी होतेय असं कळवलं होतं. पहिल्या तारखेच्या आत हो की नाही सांगायचं होतं. आत कुणी नसेल तर मी मोकळा. आणि असेल तर? रोज सकाळी मी त्यांच्या डोळ्यांत डोकावायचो. काही दिसायचं नाही, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटायचं. लाज वाटावी अशीच गोष्ट आहे ही.

दुपारचं जेवण मी बाहेर करायचो. स्टँडजवळच्या खाणावळीत, रोज. लोकांना सांगायचो, लॅपटॉपने डोळे शिणतात, जरा पाय मोकळे होतात. सगळी थाप. दादांच्या समोर माझ्याने जेववत नव्हतं. माझा हात ताटातून तोंडाकडे जाताना ते टक लावून बघायचे, आणि त्या बघण्यामागे माणूस नसायचा. भाकरी घशाखाली उतरायची नाही. म्हणून साडेबाराला बाहेरून कुलूप लावायचं आणि सुटायचं. हो, बापाला आत कोंडून. खाणावळीच्या काकू मला बघितलं की म्हणायच्या, "आले का जावईबापू!" बुधवारी हुलग्याची शेंगोळी असायची, बाकी दिवस शेवभाजी नाहीतर पिठलं. चापून जेवायचो आणि ठोक्याला दोन वाजता परत. दोनला ऑफिसची मीटिंग असते.

पौषातली गोष्ट असेल. कॉफी काढून झाली की गाळण्यात चोथ्याची गोल वडी उरते. ती मी ओट्यावरच्या डब्यात ठोकून टाकतो. डबा रोज रात्री रिकामा करतो. सकाळी दोन कप, म्हणजे दोन वड्या. त्या दिवशी जेवून आलो तर डब्यात तीन होत्या.

आधी वाटलं, मोजण्यात चूक. दुसऱ्या दिवशी परत तीन. तिसऱ्या दिवशी मशीनवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. गरम होतं. सकाळी नऊला बंद केलेलं मशीन!

दादांच्या खोलीत डोकावलो. भिंतीकडे तोंड करून निजले होते, मी जाताना होते तसेच. कुलूप माझ्या हाताने उघडलेलं. मागचं दार आतून कडी लावलेलं.

त्या वडीवर राग यावा अशी ती होती. माझ्या वड्या ओल्या, चिखल झालेल्या. पुस्तकं वाचून, इंटरनेटवर बघून इतकी वर्षं झक मारली तरी मला ते जमलं नव्हतं. ही मात्र कोरडी, घट्ट, कडा शाबूत. वर मधोमध अंगठा दाबल्याचा खळगा. उजेडात नेऊन बघितला. ठशात एकही रेघ नव्हती.

तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझ्या लेखी दादा हाताला धरल्याशिवाय उठत नव्हते, आणि उठले तरी त्या खाटेवर कुणी नव्हतंच. मी पक्कं ठरवून टाकलं होतं ना! एकदा ठरवलं की माणसाला डोळ्यासमोरचं दिसत नाही. मला भुताची शंका आली, वेड लागल्याची शंका आली, बापाची आली नाही.

मग खिडकीची काच. ओट्यावरच्या खिडकीत रोज डोळ्याच्या उंचीला एक तपकिरी डाग दिसायला लागला. थेंब ठेवून बोटाने पसरल्यासारखा पातळ पट्टा, पलीकडचं ऊन त्यातून दिसेल असा. मी पुसायचो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, तेवढाच. शेजारच्या वहिनींनी गच्चीवरून विचारलं, "भावजी, दुपारी तुमच्याकडे कुकर लावतं का कोण? फुस्स फुस्स चालू असतं."

मावशींना सांगितलं तर त्या पार गोऱ्यामोऱ्या झाल्या. "भर दुपारची येळ वंगाळ असती. घर येकलं टाकू नगा म्हनलं हुतं मी."

"एकटं कुठे? दादा असतात की."

"त्येच म्हनते मी," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मशीनच्या वाफेच्या नळीला लिंबू-मिरची बांधून मोकळ्या झाल्या. मी चिडून ती काढायला गेलो. हात पुढे झाला आणि तसाच थांबला. राहू दिली.

मोबाईल लपवून ठेवावा, चित्रीकरण करावं, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. दोनदा ठेवला आणि दोनदा उचलून खिशात टाकला. त्यात कोण दिसेल याची भीती होती. कुणीच दिसलं नाही आणि मशीन चाललं तर, याची त्याहून जास्त.

महिनाअखेर आली. बुधवार होता. शेंगोळी खाल्ली, काकूंनी आग्रहाने दुसऱ्यांदा वाढली. त्या दिवशी मोटारसायकल मुद्दाम बरोबर नेली होती, तिथूनच राहात्याला ती खोली बघायला गेलो. मीटिंग बुडवली. खोली स्वच्छ होती, खिडकीतून पेरूची बाग दिसत होती. बाई भल्या होत्या. "उद्या कळवतो," म्हणालो, पण मनातून ठरलंच होतं. परत यायला चार वाजायला आले.

फाटकापाशीच आवाज आला. घर्रर्र, घर्रर्र. टाकी कोरडी पडली की मशीनचा पंप असा ओरडतो. कुलूप उघडून आत धावलो.

स्वयंपाकघरात वाफ भरली होती, आणि वाफेत दादा उभे होते.

कुणाचाही हात न धरता, ताठ. एक हात वाफेच्या चावीवर, दुसऱ्यात फडकं. डोळे दाबाच्या काट्यावर. चावीवरच्या हाताची बोटं लाल झाली होती, एका बोटावर टपोरा फोड आला होता, पण हात हलला नव्हता. खिडकीच्या काचेवर तो तपकिरी पट्टा ओला होता. मी लहानपणी एकदा कारखान्यात त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. तेव्हा त्यांनी पाकाचा थेंब असाच काचेवर पसरून उजेडासमोर धरला होता. "बघ, दाना बांधलाय," म्हणाले होते. आणखी एक सांगितलं होतं: बदलीचा माणूस, रिलिव्हर, येऊन चार्ज घेत नाही तोवर पॅन सोडायचा नाही. घरी काही का होईना. पॅन सोडला तर आतल्या पाकाचा दगड होतो.

रोज दोनला माझी किल्ली वाजायची. रिलिव्हर आला म्हणून ते पॅन बंद करून खाटेवर जाऊन पडायचे. आज किल्ली वाजलीच नव्हती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा त्या डोळ्यांत कुणीतरी होतं, आणि ते माझ्यावर भडकलं होतं.

"ही काय येळ झाली का? कवाधरनं उभा हाय मी!"

"चुकलं," मी म्हणालो.

"दाब बघ. दाना बांधलाय. घे चार्ज." त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, "घरी पोरगं खोळंबलं आसल रं. माझ्याबिगर जेवत न्हाई ते. लई हट्टी हाय."

खरं होतं ते. त्यांची पहाटेची पाळी बाराला सुटायची. रिलिव्हर उशिरा आला की दादांना यायला दोन दोन वाजायचे. मी ताटासमोर बसून राहायचो. आई रागवायची, एकदा तर पाठीत धपाटाही घातला होता, पण मी घासाला हात लावत नसे. मी ते विसरलो होतो. सगळं विसरलेल्या माणसाने तेवढंच जपून ठेवलं होतं.

"घेतला चार्ज," मी म्हणालो.

त्यांचा हात धरून नळाखाली धरला. फोडावर गार पाणी पडत होतं तरी ते दाराकडेच बघत होते. हात सोडवून घेतला, बाहेरच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसले. मावशींनी रात्रीसाठी झाकून ठेवलेल्या भाकरी ओढल्या. दोन ताटल्या मांडल्या. एकीत भाकरी कुस्करली, लहान मुलाला कुस्करतात तशी बारीक. वर भाजी घातली. आणि हात न लावता बसून राहिले. मी मशीनपाशी फडकं धरून उभा, आणि पाठीमागे माझा बाप ताट वाढून माझी वाट बघत होता. असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"ए शेंबड्या!" त्यांनी पुढच्या दाराकडे हाक मारली. "ये, जेवून घे."

ती हाक मी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. मशीनचा प्लग काढला. मागच्या दाराने बाहेर पडलो, बोअरला वळसा घालून, वाळत घातलेल्या चादरीखालून वाकून घराच्या पुढे आलो. पन्नाशीचा माणूस मी, आपल्याच दारात घुटमळत होतो. आत गेलो आणि त्यांनी मला रिलिव्हर म्हणूनच ओळखलं तर?

दार ढकललं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. खूप वेळ लावला.

"हात धुतले?"

"धुतले, दादा."

"मग बस की."

शेंगोळी गळ्याशी आली होती. तरी ती कुस्करलेली भाकरी मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. मी पहिला घास घेतल्यावरच त्यांनी घेतला. निम्मं जेवण झालं असेल, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. आधी मशीनची चावी फिरल्याचा, मग वाफेचा. फुस्स. थांबून परत फुस्स.

दादांनी मान वाकडी करून ऐकलं. "नवा मानूस हाय," ते समाधानाने म्हणाले. "पर हात बरा हाय त्याचा."

तापलेलं मशीन थोडा वेळ फुसफुसत राहतं, हे मला माहीत आहे. प्लग मी स्वतःच्या हाताने काढला होता, हेही माहीत आहे. मागे वळून काही बघितलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या बोटांना मलम लावत असताना राहात्याच्या बाईंचा फोन आला. खोली ठेवू ना, विचारत होत्या. म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, अहो, तुम्हाला तर आवडली होती, मग अडचण काय आली?

"वडील जेवायचे थांबतात," मी म्हणालो, "माझ्यासाठी."