अनवाणी पायांचं ॲव्हरेज

रावमामा गाडी सुरू करण्याआधी चपला काढत. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, जोडीने, आणि मग हलकेच सीटखाली सरकवत. पहिल्या दिवशी मला वाटले, गाडी नवी असेल, नुकतीच पूजा झाली असेल. पण व्हॅन चांगली जुनी होती. तिसऱ्या दिवशी धीर करून विचारले, तेव्हा म्हणाले, "चप्पल असली की पेडल काय सांगतंय ते कळत नाही, तंबी." तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ, एवढे कळले होते; पेडल काय सांगते, हे मात्र मी विचारले नाही. यंत्र अभियांत्रिकीच्या चार वर्षांत पेडल बोलते असे मला कुणी शिकवले नव्हते.

मी परांड्याचा. आमच्या घरात पदवी मिळवणारा पहिला. चेन्नईजवळ ओरगडमच्या एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून लागलो आणि वेलचेरीत तिघांबरोबर खोली घेऊन राहू लागलो. आधी तिथल्याच एका लॉजवर होतो, ही खोली रावमामांनीच शोधून दिली. कारखान्याच्या कर्मचाऱ्यांसाठी कंत्राटदाराच्या सहा व्हॅन होत्या, त्यातली वेलचेरीची रावमामांची. मी आईशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकले आणि आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाले, "तू अमचा की रे!" ते तंजावरकडचे मराठी. घरात मराठी, वाचणे-लिहिणे सगळे तमिळमध्ये. त्यांची मराठी मला निम्मी कळे आणि माझी त्यांना पुस्तकातली वाटे. तरी त्या शहरात मला "जेवलास की?" असे विचारणारे ते एकटेच होते.

ते ब्रेक जवळजवळ लावतच नसत. पुढचा सिग्नल लाल दिसला की दूरवरूनच पाय उचलत आणि गाडी आपली आपण घरंगळत जाई. बहुतेक वेळा आम्ही पोचेपर्यंत सिग्नल हिरवा झालेला असे. "ब्रेक लागला मणजे आधी कुठं तरी जास्ती दाबलं होतं," असे त्यांचे म्हणणे. मागचे गाडीवाले वैतागून हॉर्न वाजवत. स्टोअरमधल्या कलैवाणी अक्का तर रोज टोमणा मारत, "रावजी, मागून बैलगाडी साइड मागतेय."

"देतो की अक्का. बैलालाही वेळेवर हजेरी लावायची असल."

आणि तरी आम्ही कधी उशिरा पोचलो नाही. ते कसे, हे मला तेव्हा कळले नाही.

दर सोमवारी निघण्याआधी, टायर थंड असताना, ते हवा तपासत. टपावरचे लोखंडी कॅरिअर त्यांनी काढून टाकले होते. माझ्या पाठीवरची पुस्तकांची पिशवी हातात तोलून म्हणाले, "हे सगळं आजच वाचणार? मग घरी ठेव. डिझेल तुझ्या पुस्तकांना ओरगडम दाखवायला नाही."

कारखान्यात सगळ्या व्हॅनच्या डिझेलवर देखरेख करणारे एक साहेब होते. त्यांच्या लक्षात आले की बाकीच्या पाच व्हॅन एका लिटरला नऊ किलोमीटर देतात आणि रावमामांची अकरा देते. रस्ते तसेच, गाड्याही एकाच जातीच्या. त्यांनी मला बोलावून सांगितले, "हा माणूस काय करतो ते शोध. खरं असेल तर त्यालाच इथे शिक्षक म्हणून घेऊ. कायमची नोकरी. आणि काही गडबड असेल तर तेही लिही."

मी ही बातमी रावमामांना दिली. त्यांचे वय अठ्ठावन्न, गुडघे दुखत असत, क्लच दाबताना चेहरा आक्रसे. शिक्षकाची खुर्ची म्हणजे त्यांना काय होते ते मला न सांगता कळले. दुसऱ्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. आठवडाभर रोज तसेच येत राहिले.

मी पुढच्या सीटवर बसून वहीत लिहू लागलो आणि तिथून माझा गोंधळ वाढतच गेला. सोमवारी तांबरमच्या सिग्नलला त्यांनी इंजिन बंद केले. मी लिहिले, 'सिग्नलला इंजिन बंद करावे.' बुधवारी त्याच सिग्नलला चालू ठेवले. विचारले तर म्हणाले, "आज सिग्नल लहान आहे." ते त्यांना आधी कसे कळले? मोठ्या रस्त्यावर ते खिडक्या लावून एसी चालवत, गल्लीबोळांत एसी बंद करून काचा खाली. मी तसे लिहिले. शुक्रवारी वंडलूरच्या पुढे मोठ्या रस्त्यावर त्यांनी काचा उघडल्या. "आज वारा मागून आहे." चौथ्या गिअरवरून पाचवा कधी टाकता, या प्रश्नावर ते खरोखर विचारात पडले. पडप्पै आले तरी विचारच करत होते. शेवटी म्हणाले, "जेवताना पाणी कधी पितोस ते सांग बघू."

मग मी गाड्यांची अदलाबदल केली. टाकी तोंडापर्यंत भरायची, आठवडाभर चालवायची, पुन्हा तोंडापर्यंत भरायची आणि मोजायचे. मुरुगन नावाच्या ड्रायव्हरला रावमामांची व्हॅन दिली, रावमामांना मुरुगनची. दोघांचेही साधारण दहा आले. मी चक्रावलो. म्हणजे निम्मी जादू गाडीत होती आणि निम्मी माणसात.

गाडीतली सापडली. मोबाइलच्या नकाशावरचे अंतर आणि गाडीचा मीटर ताडून पाहिले तर मीटर जास्त दाखवत होता. मागचे दोन्ही टायर एका मापाने लहान, शिवाय झिजलेले. कंत्राटदाराने वर्षापूर्वी बदलताना हाताशी होते ते बसवले होते. लहान चाकाच्या फेऱ्या जास्त होतात, मीटर त्या फेऱ्याच मोजतो. गाडी नव्वद किलोमीटर धावली की मीटर शंभराच्या आसपास म्हणे.

मी अहवाल लिहिला. आमच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी शिस्त लावली होती की प्रयोगवहीत आधी साधनांतील त्रुटी लिहायच्या, निष्कर्ष सर्वांत शेवटी. प्रामाणिक माणूस चूक लपवत नाही, असे ते म्हणत. त्याप्रमाणे पहिल्या पानावर मी टायर लिहिले, मीटर लिहिला, आकृतीही काढली. दुसऱ्या पानावर लिहिले की हे सगळे वजा करूनही या चालकाच्या पद्धतीमुळे लिटरमागे एक किलोमीटर जास्त मिळतो आणि त्याला शिक्षक नेमावे.

साहेबांनी पहिले पान वाचले. "म्हणजे मीटर खोटा. वाटलंच होतं." मी म्हणालो, "सर, पान उलटा." त्यांचा फोन वाजला. नंतर दोनदा त्यांच्या केबिनबाहेर उभा राहिलो. तोपर्यंत प्रशिक्षणाचे काम बाहेरच्या लोकांना देऊन झाले होते, ते पडद्यावर चित्रे दाखवून शिकवणार होते. मीटरच्या गडबडीचा ठपका रावमामांवर ठेवून कंत्राटदारानेही त्यांना महिनाअखेरीपासून पुरे म्हणून सांगितले.

त्या संध्याकाळी वेलचेरीला सगळे उतरले तरी मी बसून राहिलो. रावमामांनी इंजिन बंद केले.

"दुसऱ्या पानावर काय होतं?"

मी इंग्रजीतून मराठीत करत वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले.

"चांगलं लिवलंस," ते म्हणाले. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

"मामा, टायर लहान आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी सीटखालून चपला ओढून काढल्या. "टायर बदलल्यावर आकडा वाढला हे दिसलं की. मला वाटलं, मीच सुधारलो." मग जरा हसले. "या वयात माणूस सुधारतो मणून किती खूश झालो होतो, तुला काय सांगू."

महिना संपताना त्यांनी एकच मागणी केली. कंत्राटदाराकडे भांडून त्यांनी योग्य मापाचे टायर बसवून घेतले होते. शेवटच्या आठवड्याचे खरे ॲव्हरेज मी काढून द्यावे. ते कुणाला दाखवायचे नव्हते, त्यांना स्वतःला हवे होते. शनिवारी सकाळी पंपावर टाकी तोंडापर्यंत भरली. मी भागाकार दोनदा केला.

"किती?"

"दहा."

"दहा," ते म्हणाले. "ते लहान टायर बसायच्या आधी दहाच येत होतं. पंधरा वर्षं दहा." याचा त्यांना आनंद झाला की दुःख, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आले नाही. सुधारले नव्हते, पण बिघडलेही नव्हते. ते लेकीकडे कुंभकोणमला निघून गेले.

माझी नोकरी पक्की झाली. मी अहवाल पुन्हा लिहिला, निष्कर्ष आधी घेतला, त्यांचे नाव सर्वांत वर. साहेब म्हणाले, "हे प्रकरण संपलं ना? आता कशाला?"  एक प्रत मी कुंभकोणमला पाठवली. लेकीने ती तमिळमध्ये वाचून दाखवली आणि रावमामांचा फोन आला.

"तंबी, कागद पोचला. नाव पयलं आहे, ते बघितलं." मग म्हणाले, "पण सिग्नलचं तू चूक लिवलंस. गिअरचंही. मी तसं करतच नाही."

"मग कसं करता, मामा?"

"महिनाभर बाजूला बसला होतास नव्हं? मग मला कसाला विचारतोस?"

मागे लेक जेवायला हाक मारत होती. त्यांनी फोन ठेवला. दुरुस्तीसाठी उघडलेली वही माझ्यासमोर तशीच राहिली. सिग्नलच्या त्या ओळीवर मी काट मारली आहे. पुढे काय लिहावे ते मला अजून कळलेले नाही.