पंपघराच्या जाळीतलं कासव

पंपवाले काका नोकरीतून सुटले त्याला अकरा वर्षं झाली, तरी लोकांच्या तोंडी नाव तेच राहिलं. नदीकाठच्या पंपघरात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. पाणी आत खेचणाऱ्या तोंडाशी लोखंडी जाळी होती. तिच्यात पालापाचोळा अडकायचा आणि अधूनमधून मऊ पाठीचं एखादं मोठालं कासवही. ड्यूटीवर आल्याआल्या काका आधी पायऱ्या उतरून जाळी बघायचे. कासव असलं तर ओल्या पोत्यात गुंडाळून उचलायचे आणि वरच्या अंगाला, पाणी संथ असेल तिथे, सोडून यायचे. एकदा एका कासवाने अंगठ्याचा असा लचका तोडला की आठवडाभर त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात. काकू म्हणायच्या, "लोक कामावरून येताना भाजी आणतात, आमच्याकडे चिखल येतो."

पुढेपुढे जाळीत नुसतंच प्लॅस्टिक येऊ लागलं. शेवटचं कासव कधी उचललं, हे काकांना आठवेना. ते शेवटचं आहे हे त्या दिवशी कुणाला ठाऊक होतं?

नगरपालिकेने पुलाजवळच्या बागेत, नदीतून नाहीशा झालेल्या त्या जातीच्या कासवाचं शिल्प बसवायचं ठरवलं. शिल्पकार बाई फोटो बघून मातीचा नमुना घडवत होत्या. कुणीतरी काकांचं नाव सुचवलं, म्हणून त्यांनी काकांना बोलावून घेतलं. काकांनी नमुन्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. बाईंनी फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "ताई, हे दगडासारखं झालंय. त्याच्या पाठीची कड चामड्यासारखी असते. उचललं की लवते."

बाईंनी मातीचा गोळा पुढे केला. काकांनी बाह्या वर सारल्या आणि अंगठ्यांनी नमुन्याची कड दाबत, वळवत ते दुपारभर बसले. मधे चहा आला तो तसाच गार झाला. बाईंनी ती कड जशीच्या तशी ठेवली आणि शिल्प पितळेत ओतून घेतलं.

उद्घाटनाला भाषणं लांबली. काका मागच्या रांगेत होते. गर्दी पांगल्यावर काकू शिल्पाजवळ गेल्या. कडेवरून सावकाश हात फिरवत म्हणाल्या, "एवढं असायचं? मला वाटायचं, तुम्ही फुगवून सांगता."

"याहून मोठं एक होतं," काका म्हणाले.

"कसं उचललंत मग?"

काकू कट्ट्यावर टेकल्या. काका शेजारी बसले आणि सांगू लागले.