परतणारं दुखणं

चंपतराव भंडाऱ्याकडून भिलाईला आले ते खलाशी म्हणून, पण जहाजावरचे नव्हे. कारखान्याच्या नव्या भट्टीच्या सांगाड्यावर दोरखंड लावून लोखंडी गर्डर चढवणाऱ्या टोळीत ते होते. १९६१ साली गावाकडे आई तापाने गेली. 'पुढच्या महिन्यात जातो' म्हणत त्यांनीच गावी जाणं लांबणीवर टाकलं होतं. आईच्या मातीलाही पोचता आलं नाही. मग जेवण तुटलं, झोप गेली, आणि एके सकाळी भिलाईतल्या रुआबांधा वस्तीतल्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडले ते उठेचनात.

बायको रुक्माने दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर अरुणकुमारांनी हे मनाचं दुखणं आहे म्हणत गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत चंपतराव कामावर गेले आणि बरं वाटतं म्हणून गोळ्या सोडल्या. वर्षभरात दुखणं परतलं, पहिल्यापेक्षा जड.

या खेपेला डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं. बरं वाटल्यावरही गोळी बराच काळ घ्यावी लागेल. दर गुरुवारी येऊन बोलत बसलं तर त्यानेही दुखणं दूर राहू शकेल. दोन्हींतल्या कशाचा गुण जास्त टिकेल, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

गोळीने उभं राहताना घेरी यायची, बोटं थरथरायची. अशा माणसाला उंचावर कोण चढू देणार? चंपतराव म्हणाले, बोलायला येतो, गोळी नको.

रुक्मा म्हणाली, "मले वर चढणारा माणूस नाही पायजे. घरात दोन शब्द बोलणारा पायजे."

चंपतरावांनी गोळी चालू ठेवली आणि हत्यारांच्या स्टोअरमध्ये काम मागून घेतलं. भट्टी पुरी झाली त्या दिवशी टोळी वर होती आणि ते खालून बघत होते. ते त्यांना फार लागलं.

गुरुवारी ते एकच सांगत, आई माझ्यामुळे गेली. डॉक्टर विचारत, तुम्ही गेला असता तर ताप उतरला असता का? उत्तर द्यायला त्यांना चार महिने लागले.

"नसता उतरला," ते म्हणाले. "पण तिनं मले पायलं असतं." त्या दिवशी ते पहिल्यांदा रडले.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. बोलणं चालू राहिलं. १९६६च्या हिवाळ्यात मात्र अन्नाची चव गेली, माणसं नकोशी झाली. पूर्वी त्यांना हे उमगलंच नसतं.

"ते परत येऊन राहिलं," त्यांनी रुक्माला आपणहून सांगितलं. "चाल, दवाखान्यात जाऊ."

गोळी पुन्हा सुरू झाली. तो हिवाळा कठीण गेला, पण चंपतराव अंथरुणाला लागले नाहीत.