स्वतः केलं

निलम राठोड भोळी खरी, पण तिला मूर्ख म्हणाल तर जीभ झडेल तुमची. कळमनुरीजवळच्या तांड्यातली ती पहिली डॉक्टर. एमबीबीएस झाली, आता बाळंतपणाच्या शस्त्रक्रियांची तज्ज्ञ व्हायचं म्हणून एका रुग्णालयात तीन वर्षं राबत होती. आणि या तीन वर्षांचा जीव कशात अडकलेला, तर एका निळ्या वहीत. लॉगबुक म्हणतात तिला. प्रत्येक शस्त्रक्रियेपुढे तीन रकाने: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. 'स्वतः केलं' या रकान्यात पन्नास सिझर भरायची, प्रत्येकीपुढे विभागप्रमुखांची सही घ्यायची, तरच शेवटच्या परीक्षेला बसता येतं. नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

आता तिथली रीत ऐका. विभागप्रमुख विश्वंभर सर दुपारभर स्वतःच्या खासगी दवाखान्यात, पण थिएटरच्या रजिस्टरात सर्जन म्हणून नाव कायम त्यांचंच. राबायचं पोरींनी, नाव सरांचं. मग लॉगबुक भरायचं कसं? सोपं आहे हो! शेवटच्या महिन्यात आधीच्या बॅचची वही समोर ठेवायची, एका बैठकीत उतरवून काढायची, सर न बघता सह्या ठोकतात. सगळे तसंच करतात. निलम मात्र हातमोजे काढले की त्याच दिवशी, जे झालं ते लिहायची. सोबतच्या पोरी हसायच्या, "आली बघा सत्यवादी!"

श्रावणातल्या एका दुपारी जवळा बाजारची कोमल आली. पोटातली वार बाळाआधीच सुटलेली, रक्ताचा पाट वाहत होता. निलमनं सरांना फोन लावला. तिसऱ्या खेपेला उचलला त्यांनी. "तू सुरू कर बेटा, मी निघालोच."

निघालेच म्हणे! सर पोचले तेव्हा लेकरू रडत होतं आणि कोमल गेली होती.

निलम वही घेऊन बसली. संध्या सिस्टरनं तिचा हात धरला. "मॅडम, मेलेली केस वहीत कोन लिहितं? सोडून द्या की."

"बाई मेली म्हणून मी तिला हातच लावला न्हाई म्हणू का?"

आणि तिनं लिहिलं: क्रमांक पन्नास. स्वतः केलं. वरिष्ठ हजर नव्हते.

कोमलच्या माहेरच्यांनी तक्रार केली, चौकशी लागली. दोन दिवसांनी सरांनी निलमला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा पाजला. "लॉगबुक ठेवून जा. सगळ्या सह्या एकदाच करून टाकतो. परीक्षा जवळ आली ना?"

आणि ही ठेवून आली! अगं बाई, एक झेरॉक्स तरी काढायची! पण ज्याला तीन वर्षं गुरू मानलं त्याच्यावर वहीम कोण घेतं?

चौकशीच्या दिवशी सरांनी तीच वही उघडून समितीपुढे ठेवली. "वाचा, हिच्याच अक्षरात आहे. मी फोनवर थांब म्हणालो होतो. हिनं ऐकलं नाही."

"सर, तुम्हीच म्हणालात सुरू कर," निलम म्हणाली. पण फोन लागला एवढंच मोबाइलमध्ये दिसतं, काय बोलणं झालं ते कुठं दिसतं? आणि रजिस्टरातलं सर्जनचं नाव? तिथं व्हाइटनर फासून 'डॉ. निलम' झालं होतं. संध्या सिस्टर मान खाली घालून उभी होती. तिला नोकरी होती, दोन लेकरं होती. समितीतले तिघेही सरांचे जुने सोबती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! चौकशी पूर्ण होईस्तोवर परीक्षेला बसायचं नाही, असा कागद निलमच्या हातात पडला. अन् असली चौकशी कधी पूर्ण होते का?

वही तेवढी परत मिळाली. निलमनं ती खोलीवर आणून कॉटवर टाकली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. ना रडली, ना जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावरून तिची आई रूपाबाई भाकरी-ठेचा बांधून आली. "काहून गं बाई? परीक्षेला बसू देत न्हाईत म्हंजे?"

"याडी," आईला ती अशीच हाक मारायची, "सरांनी सह्या केल्या न्हाईत."

रूपाबाईला वाचता येत नाही, पण सही आणि शिक्का बराबर ओळखते ती. सही नसली की कागद माघारी येतो, हे उभ्या जन्मात पाहिलेलं. तिनं वही मांडीवर घेतली आणि बोटाला थुंकी लावून पान पान उलटत गेली. एकोणपन्नास नोंदींपुढची जागा कोरी होती. पन्नासाव्यापुढं तिचं बोट थांबलं. ज्या नोंदीनं पोरीला बुडवलं, तेवढ्या एकाच नोंदीवर सरांनी लांबलचक सही केली होती. खाली शिक्का, आणि 'नोंद खरी आहे' असा शेरा.

"ही काय गं सही!" रूपाबाईचं तोंड उजळलं. "न्हाई काय म्हनतीस? एक केली म्हंजे बाकीच्या बी करतील की. कोन व्हती ही बाई?"

"कोमल."

"देव तिला शंभर वर्सं आयुष्य देवो, माय," रूपाबाई म्हणाली, आणि तिनं वही कपाळाला लावली.

तेव्हा कुठं निलमला रडू फुटलं.