आकाराम मिस्त्रीचे कान

शिवाजी पेठेत आकाराम मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी दाखवायची एक रीत होती. गाडी काय आवाज करते ते गिऱ्हाइकानं समोर उभं राहून तोंडानं काढून दाखवायचं. मग तो तालमीचा वस्ताद असो नाहीतर शाळेचा मास्तर. झुपकेदार मिशांची माणसं भर रस्त्यात गाल फुगवून घुर्रर्र करायची, कुणी जीभ टाळ्याला लावून टकटक वाजवायचा. मिस्त्री त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघायचा आणि म्हणायचा, "बेरिंग." बहुतेक वेळा बेरिंगच निघायचं. काय कान आहे मिस्त्रीचा, असं लोक म्हणत.

कान कसला. जीप-ट्रकच्या स्प्रिंगांच्या पाट्यांवर वीस वर्षं घण घालून दोन्ही कानांचे कधीच बारा वाजले होते. ओठांवरचं वाचायचं आणि उरलेलं हातापायांनी ओळखायचं, असा सगळा कारभार. हे फक्त त्याच्या बायकोला, चिमणाबाईला ठाऊक होतं. बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणणार, या धास्तीनं त्यानं ही झाकली मूठ जिवापाड जपली होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत केरबा आला. पन्हाळ्याला माणसं भरून नेणाऱ्या वडापवर त्याची जीप. वाडीवस्तीच्या रस्त्याला पोट घासतंय म्हणून मिस्त्रीनंच आठवड्यापूर्वी तिला मागं जादा पाटे घालून उंच केली होती. चार दिवस केरबा नवरदेवासारखा मिरवला आणि आज तोंड पाडून उभा.

"आवाज काढ," मिस्त्री म्हणाला.

"त्वांडानं निघंल असला आवाज न्हाई ह्यो. चला, बसा गाडीत. दुसरा मिस्त्री म्हणतोय, मागच्या चाकांमधलं हौसिंग गेलं."

 आज मूठ उघडणार, हे आकारामनं ओळखलं. वडापची जीप ती, रिकामी जाते कशाला? मागं अकरा माणसं कोंबून निघाली. आकारामनं हळूच चपला काढल्या आणि अनवाणी तळवे पत्र्यावर टेकवले.

चाळीसच्या पुढं काटा गेला आणि तळव्यांना गुदगुल्या सुरू झाल्या. गंभीर तोंड करून बसलेला मिस्त्री खुदकन हसला. गुदगुल्या लाटेसारख्या येत आणि जात. गिअर बदलायला लावला तरी त्या वेगाला तशाच. म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. रेस सोडली की गायब, दिली की परत. मिस्त्री हसून हसून वाकडा झाला, त्याला बघून केरबा हसला, मग अकराही माणसं हसायला लागली. का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"हौसिंगला काय बी झाल्यालं न्हाई," डोळे पुसत मिस्त्री म्हणाला. "गाडी वर गेली, पर मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट लय उतरता झालाय. त्येचा सांधा वाकड्यात फिरतोय."

परत आल्यावर त्यानं पाट्यांखाली दोन्हीकडं लोखंडी पाचर ठोकली, हौसिंगचं नाक जरा वर उचललं आणि पुन्हा जीप पन्हाळ्याच्या वाटेला काढली. तळवे गप्प. वाघबीळला चहाला थांबले, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"आवाज गेला की," केरबा म्हणाला.

"गेला."

"वैनी बरी हाय?"

"बरी हाय."

चहावाली पदर तोंडाला लावून का हसतेय, ते आकारामला कळेना.

"मिस्त्री, मघाधरनं मी त्वांडातनं आवाजच काढला न्हाई," केरबा म्हणाला. हे तरी मोठ्यानं म्हणाला की नाही, देव जाणे. "पेठंत समद्यांस्नी म्हाईत हाय. धा वर्सं झाली. तुमास्नी नीट दिसावं म्हणून वस्ताद घरनं आरशात सराव करून येतोय."

आकारामला आधी लाज वाटली. मग आरशापुढं गाल फुगवणारा वस्ताद डोळ्यांपुढं आला आणि तो चहा सांडेपर्यंत हसला. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी वाहू लागलं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आपली स्कूटर घेऊन दारात आले. आकारामनं हात पुसले.

"मास्तर, जरा उजेडात या," तो म्हणाला. "मला ऐकू येत न्हाई."

मास्तर उजेडात आले आणि त्यांनी गाल फुगवले.