काकांची दोरी आणि होडीचं नवीन मशीन

आधीच सॉरी... शुद्धलेखनाच्या चुका असतील. माझी शाळा नववीतच सुटली, आणि मोबाईलवर मराठी मी एका बोटाने टाइप करते. एवढं लिहायला तीन दिवस लागले.

शनिवारी बाबा आणि थोरले काका मालवणहून इथे बंगळुरूला आले. होडीचं नवीन मशीन घ्यायला! बंगळुरूत समुद्र कुठे, असं विचारू नका... मीही विचारलं होतं. गोव्यात बुकिंग केलं असतं तर हातात मिळेपर्यंत गणपती आले असते. महादेवपुऱ्यात एका दुकानात माल तयार आहे असं कळलं, आणि मी मारतहळ्ळीत मावशीकडे राहते, तिच्या डब्यांच्या कामाला. म्हणून दोघं थेट आमच्या दारात.

आमची होडी मोठी आहे, बाबांची आणि काकांची मिळून. आठ माणसं जातात तिच्यावर. मशीन मागच्या फळीवर बाहेरून लटकवतात, त्याचा पंखा खाली पाण्यात राहतो. जुनं मशीन मे महिन्यात भर समुद्रात कायमचं बंद पडलं. आता पावसाळी बंदी उठायच्या आत नवीन बसलं नाही, तर सुरुवातीचे चांगल्या कोळंबीचे दिवस आठही घरं किनाऱ्यावर बसून बघणार...

मला सोबत नेलं कारण मला थोडं कन्नड येतं. खरं तर मी कुठल्याच भाषेत फार बोलत नाही. डबा द्यायला गेले तरी बेल वाजवते, डबा ठेवते आणि जिना उतरते.

दुकानात मशीनं रांगेत उभी होती. काका सरळ सगळ्यात मोठ्या, चकचकीत पांढऱ्या मशीनसमोर गेले. "ह्याच घेवया. होडी नुसती उडतली!"

बाबा म्हणाले, "दादा, उडान खय जातलंस? आमका जाळा ओढूचा आसा."

दुकानवाल्या अण्णांना काही कळलं नाही, तरी ते हसले. मी हळूच सांगितलं, आठ माणसं, ओलं जाळं, वर मासे. अण्णांनी लगेच कोपऱ्यातलं एक मशीन दाखवलं. दिसायला साधं, पळायला कमी, पण पंखा मोठा आणि ओढायला जोर जास्त. बाबांनी तो पंखा हाताने फिरवून बघितला... असा चेहरा मी त्यांचा खूप दिवसांनी बघितला. अगदी लहान मुलासारखा.

मग अण्णांनी मागच्या फळीची उंची विचारली. काकांनी ऐटीत खिशातून दोरी काढली, दोन गाठी मारलेली. जुन्या मशीनला लावून घरूनच माप आणलं होतं. अण्णांनी टेप लावली... वीस इंच. "सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणाले, आणि बिलबुक उघडलं. टेम्पोत चढलेला माल बदलून मिळणार नाही, हेही सांगून टाकलं.

मला मात्र मागची फळी आठवली. जुनं मशीन काढल्यावर सुताराने मागची फळी बदलली होती, लाट आत येऊ नये म्हणून थोडी उंच केली होती. मे महिन्यात घरी गेले तेव्हा तिला रंग मीच दिला, म्हणून माझ्या लक्षात. त्या फळीवर मशीन अजून चढलंच नव्हतं, त्यामुळे या दोघांच्या डोक्यातच आलं नाही.

मी बाबांचा शर्ट ओढला. "बाबा, दोरी जुन्या मशीनची आसा. फळी नवीन."

"अगो, तुका मशीनातला काय कळता?" काका म्हणाले. बाबांनी मात्र अण्णांना हाताने थांबा म्हणून सांगितलं.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई ब्लाउज शिवायची टेप घेऊन माडाच्या झापांनी झाकलेल्या होडीमागे वाकून शिरली. आणि स्पीकरवर सगळ्या दुकानाला ऐकू येईल अशी ओरडली, "खयसून धरू गो? हय इंचू असलो तर तुझ्या काकांका पाठव!" इंचू म्हणजे विंचू.

मग टेप दिसली. वरून खालपर्यंत... साडेचोवीस.

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अय्यो! ये छोटा पडेगा. पंखा हवा में घूमेगा!" म्हणजे मशीन नुसतं ओरडणार आणि होडी जागच्या जागी. लांब दांड्याचं तेच मशीन गोडाऊनमध्ये एकच शिल्लक होतं. एकच!

काकांनी दोरी गुंडाळून खिशात टाकली. मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "वर्साक एकदा बोलता, पण काय बोलता गो!"

आमच्याकडे नवीन मशीनचा नारळ घरातल्या थोरल्याने फोडायचा असतो. काकांनी घरच्या झाडाचा नारळ पिशवीतून आणला होता. गोडाऊनच्या दारात त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होते... पहिल्यांदा फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला आणि सगळं पाणी अण्णांच्या चपलांवर! अण्णाच सगळ्यात जास्त हसले.

शाळा सुटल्यापासून मला वाटायचं, आपल्याला काहीच येत नाही. अजूनही फार येत नाही. पण मी एक वाक्य बोलले आणि बाबांनी बिल थांबवलं... ते आठवून डबे भरताना पण हसू येतंय. थँक्यू बाबा. थँक्यू काका. आणि आई, तुला तर खूपच.

थांबा... बाहेर कोणीतरी ओरडतंय. समोरच्या घरातल्या अक्कांना जुळं झालं!! दोन्ही मुली! पळते मी.